फराळाच्या खोक्यातून काय काय जातं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला तुमचं कुरिअरचं लहानसं दुकान आहे. दिवाळीआधीचा महिना-दीड महिना परदेशी फराळ पाठवण्यात जातो आणि त्यावर निम्मं वर्ष निघतं. आता एक नवा माणूस आलाय. लंडनला दर आठवड्याला सहा खोकी पाठवायची आहेत म्हणतो. आत 'रेडी टू ईट' भाज्यांची पाकिटं, पैसे रोख आणि आगाऊ, अट एकच: पाकिटं कंपनीतून सीलबंद आली आहेत, खोकी उघडायची नाहीत. हे काम घ्यावं का? आणि जाता जाता तुम्ही दुसरंही विचारलंय, की नौदल, स्कॅनर, वास घेणारी कुत्री एवढं सगळं असताना अमली पदार्थ सीमेपार जातातच कसे.

पहिल्याचं उत्तर: नको. दुसऱ्याला वेळ लागेल, पण ते वाचून झाल्यावर 'नको' का म्हटलं ते कळेल. मी कस्टम्समध्ये ३१ वर्षं काढली. न्हावा शेवा बंदर, सहार विमानतळ, टपाल आणि शेवटची काही वर्षं पुण्यात. आता सकाळी भाजी आणतो आणि दुपारी ओळखीच्या निर्यातदारांचे कागद तपासून देतो.

तुमच्या गिऱ्हाइकाच्या बोलण्यात 'खायला तयार पाकिटं' आणि 'लंडन' हे दोन शब्द शेजारी आले, तिथेच मी चहाचा कप खाली ठेवला. फेब्रुवारी २०२४ आठवा. सोमवार पेठेत पकडलेल्या थोड्याशा मालाचा धागा धरून पुणे पोलिस विश्रांतवाडीच्या गोदामात गेले, तिथून दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यात, पुढे दिल्लीला आणि सांगलीजवळच्या कुपवाडला. सगळं मिळून १७०० किलोंहून जास्त मेफेड्रोन निघालं, ज्याला आपल्याकडे सगळे एमडी म्हणतात. पोलिसांच्या हिशेबाने साडेतीन हजार कोटींच्या वरचा माल. आणि यातला काही माल खाण्याच्या पाकिटांतून कुरिअरने लंडनला गेल्याचं तपासात पुढे आलं.

तुमचा माणूस त्यातलाच आहे असं मी म्हणत नाही. पण कस्टम्सचा माणूस पहिला प्रश्न जो विचारतो तो तुम्ही विचारून बघा: हा माल तिथे पाठवण्यात याला सुटतं काय? पनीर मखनीची पाकिटं लंडनच्या वेम्बली-साउथॉलच्या कुठल्याही भारतीय दुकानात मांडणीवर पडलेली असतात. तीही जहाजाने, कंटेनर भरून, स्वस्तात गेलेली. तीच पाकिटं कोणी विमानाने, किलोमागे काही शे रुपये भाडं भरून, दर आठवड्याला का पाठवेल? या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं तर काम घ्या. 'तुम्हाला काय करायचंय, पैसे मिळतायत ना' हे उत्तर नव्हे.

लोकांना वाटतं सीमा म्हणजे तारेचं कुंपण, बंदूकवाला जवान, रात्रीची गस्त. ती सीमा आहेच, पंजाबात आणि राजस्थानात ती फार खरी आहे. पण मोठा माल बहुतेक वेळा राजमार्गाने येतो, दिवसाढवळ्या, कर भरून, शिक्क्यासकट. तस्करी करणाऱ्याला पावडर लपवायची चिंता कमी असते. त्याला मालक लपवायचा असतो. त्यासाठी त्याला एक स्वच्छ नाव लागतं. कुणाचा तरी आयात-निर्यात परवाना (आयईसी), कुणाचं तरी जीएसटी, कुणाचं तरी दुकान. तुमच्यासारखं, ज्याचं पंधरा वर्षांत एकही पार्सल अडलेलं नाही.

सप्टेंबर २०२१ मधलं मुंद्रा बंदराचं प्रकरण घ्या. डीआरआयने, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयाने, दोन कंटेनरमधून २,९८८ किलो हेरॉइन काढलं. माल अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आला होता. कागदावर लिहिलं होतं अर्धवट प्रक्रिया केलेले टाल्कचे दगड. मोठमोठ्या गोण्या, वर दगड, तळाशी हेरॉइन. मागवणारी कंपनी विजयवाड्याच्या पत्त्यावर नोंदलेली. आता बघा, टाल्क म्हणजे शंखजिरं, टाल्कम पावडरीतलं. ते आपल्याकडे उदयपूर-डुंगरपूरच्या पट्ट्यात ढिगाने निघतं, आपण ते बाहेर विकतो. ज्या देशात एखादी वस्तू उकरली की मिळते, तिथे ती युद्धाने पोळलेल्या देशातून, दुसऱ्या देशाच्या बंदरामार्गे, एका नवख्या कंपनीने मागवावी? खबर पक्की होती म्हणून ते कंटेनर उघडले गेले हे खरं. पण खबर नसती, तरी त्या बिल ऑफ एन्ट्रीकडे, म्हणजे आयातीच्या कागदाकडे, बघून एखाद्या जुन्या अप्रेझरच्या, म्हणजे माल-कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कपाळाला आठी पडायला हवी होती.

पण दर वेळी कागद इतका बावळट नसतो. २०२२ च्या सप्टेंबरात न्हावा शेवाला ज्येष्ठमधाचा कंटेनर पकडला, दिल्ली पोलिसांच्या विशेष पथकाने. वीस टनांहून जास्त ज्येष्ठमध आणि त्या काड्यांवरच हेरॉइनचा लेप. इथे कागदात खोट काढणं अवघड. ज्येष्ठमध अफगाणिस्तानातून येतोच, पिढ्यान् पिढ्या येतोय, आपल्या रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी काडी बहुधा तिकडचीच असते. त्याच्या दोन वर्षं आधी, ऑगस्ट २०२० मध्ये, त्याच बंदरात आयुर्वेदिक औषधी म्हणून आलेल्या मालात प्लॅस्टिकच्या नळ्यांना बांबूसारखा रंग दिला होता आणि आत १९१ किलो हेरॉइन. २०२२ च्या ऑक्टोबरात वाशीला संत्र्यांच्या ट्रकमध्ये १९८ किलो मेथॅम्फेटामिन निघालं आणि काही दिवसांत दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या नासपती आणि हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमधून ५० किलो कोकेन. नाशवंत फळांचा कंटेनर अडवून ठेवला आणि आत काही नाही निघालं, तर कुजलेल्या फळांची भरपाई कोण देणार? अधिकाऱ्याच्या मनातली ही धाकधूक समोरच्याला पक्की ठाऊक असते.

मग सगळेच कंटेनर का उघडत नाही, हा तुमचा प्रश्न. न्हावा शेवाला वर्षाला, वीसफुटी कंटेनरच्या हिशेबाने, साठ लाखांहून जास्त कंटेनर हाताळले जातात. म्हणजे दिवसाला सोळा हजारांच्या वर. एक कंटेनर पूर्ण रिकामा करून तपासायचा म्हणजे माथाडींची टोळी, फोर्कलिफ्ट आणि अर्धा दिवस. सगळे उघडायचे ठरवले तर चौथ्या दिवशी रांग पनवेलच्या पुढे जाईल आणि पाचव्या दिवशी चाकणच्या कारखान्यांची लाइन बंद पडेल, कारण त्यांचे सुटे भाग त्याच रांगेत असतील. म्हणून संगणक जोखीम ठरवतो. देश कुठला, माल कुठला, मागवणारा कोण, आधी किती वेळा मागवलं, किंमत बाजाराला धरून आहे का. ज्यांच्यावर बोट पडतं तेच स्कॅनरखाली जातात किंवा उघडले जातात, बाकीचे सरळ बाहेर. हे तस्कर जाणतो. म्हणून तो नवीन नावावर पहिले दोन-तीन वेळा चोख माल मागवतो आणि नाव 'जुनं' करून घेतो. त्याहून सोपं म्हणजे आधीच जुनं असलेलं नाव वापरणं. पुण्यातही आपला आयईसी दर कंटेनरमागे काही हजारांना 'वापरायला' देणारे व्यापारी मी पाहिलेत. कुणाला मदत करतोय अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते, आणि नोटीस आली की बायकोच्या गळ्यातलं विकून वकील करतात.

आता फराळाकडे येतो, कारण इथे गंमत आहे. वर मी म्हटलं की भाडं मालापेक्षा महाग असेल तर शंका घ्यावी. हा नियम सगळीकडे चालतो, फक्त दिवाळीच्या फराळाला चालत नाही. चारशे रुपयांच्या चिवड्याला दोन हजारांचं भाडं भरणारी आई पुण्यात प्रत्येक सोसायटीत आहे. पहिल्यांदाच पाठवणारी माणसं, घरगुती पाकिटं, बिल नाही, ब्रँड नाही, पीठ, पावडर, मसाला आणि एकदम हजारो खोकी. जोखीम मोजणाऱ्या संगणकाच्या दृष्टीने यातलं प्रत्येक खोकं संशयास्पद आणि म्हणूनच कुठलंच नाही. या गर्दीत आपलं एक खोकं मिसळून द्यायला कुणालाही आवडेल.

टपालाच्या तपासणीत असताना हे रोज बघितलंय. एक्स-रेच्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसते, धातू निळा. दिवाळीत पडदा दिवसभर नारिंगी. चकलीचं वेटोळं लगेच ओळखू येतं, बेसनाचे लाडू म्हणजे दाट गोळ्यांची रांग, करंजीला कड असते, अनारसा पापडासारखा फिका. अडचण पिठाची. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, उपासाची भाजणी, सगळं म्हणजे सपाट, एकसारखी नारिंगी वडी. माझ्या हाताखाली बिहारहून आलेला एक तरुण इन्स्पेक्टर होता. त्याने एकदा मेतकुटाची पाच पाकिटं बाजूला काढली. पिवळी, मऊ, उग्र वासाची पावडर, घरगुती सीलरने बंद केलेली, पाठवणाऱ्या आजींनी फॉर्मवर लिहिलेलं, 'होममेड पावडर'. त्याने अमली पदार्थ ओळखायच्या किटमध्ये चिमूट टाकून बघितली, रंग काही बदलेना. तो माझ्याकडे घेऊन आला. मी वास घेतला आणि डब्यातला भात पुढे केला. त्या दिवशी त्याला तूप-मेतकूट-भात ठाऊक झाला, पण त्याची शंका चुकीची नव्हती. मी त्याला तसं सांगितलंही.

त्याच टेबलावर दुसरं एक पाकीट आठवतं. नावाजलेल्या मसाल्याचा छापील पाऊच, सगळं ठाकठीक. मी ते उलटं केलं. कारखान्यात पाऊचचं तोंड यंत्राने बंद होतं, त्याची पट्टी सरळ आणि सारख्या रेघांची असते. या पाऊचला तशी पट्टी होती, पण तिच्या एक बोट खाली दुसरी, किंचित तिरकी, सपाट पट्टी. कुणीतरी पाऊच कापून, काहीतरी करून, घरच्या सीलरने परत बंद केला होता. वजन छापील वजनापेक्षा वीसेक ग्रॅम जास्त भरलं. आत काय निघालं ते सांगत नाही, प्रकरण लांबलं होतं. पण यंत्राने ते पाकीट पास केलं होतं. पकडलं ते अंगठ्याने. तेव्हा 'सीलबंद आहे, उघडू नका' याला माझ्या लेखी काडीची किंमत नाही.

यंत्रांना मी नावं ठेवतोय असं समजू नका. कुत्री उत्तम काम करतात आणि हिंगाच्या वासाने ती फसतात हा निव्वळ गैरसमज. पण मोठ्या जप्त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा माणूस असतो. पैशावरून भांडलेला भागीदार, घाबरलेला ड्रायव्हर, परदेशी यंत्रणेने कळवलेला एक फोन नंबर. शरीरात कॅप्सूल गिळून येणाऱ्या प्रवाशाचंच बघा. आठ-दहा तासांच्या विमानप्रवासात त्याने पाणीसुद्धा घेतलेलं नसतं, ओठ सुकलेले, आणि अधिकाऱ्याने दिलेला चहा तो हात न लावता तसाच ठेवतो. पहिला संशय त्या चहावरून येतो. मग मॅजिस्ट्रेटची परवानगी, सरकारी रुग्णालयात एक्स-रे, आणि पुढे दोन-तीन दिवस डॉक्टर, शिपाई, केळी आणि वाट बघणं. एखादी कॅप्सूल पोटात फुटली तर माणूस हातातून जातो. या कामाला ज्यांना पाठवतात ते गरीब असतात. ज्यांचा माल असतो ते विमानात बसत नाहीत.

समुद्राचं थोडक्यात सांगतो. तिथे नौदल, तटरक्षक दल आणि एनसीबी (केंद्राची अमली पदार्थविरोधी यंत्रणा) यांनी गेल्या काही वर्षांत मोठी कामं केलीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोरबंदरजवळ एका बोटीवर सुमारे ३,३०० किलो माल, बराचसा चरस. त्याच वर्षी नोव्हेंबरात अंदमानजवळ म्यानमारच्या सहा जणांच्या बोटीवर साडेपाच हजार किलोंहून जास्त मेथॅम्फेटामिन, दोन-दोन किलोंच्या पाकिटांत. आपल्या लोकांना हे सगळं दूरचं वाटतं, पण ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीजवळ कर्दे, लाडघर, केळशी या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून येत होती. शनिवार-रविवारी निम्मं पुणं ज्या वाळूत बसून सुरमई खातं तीच वाळू. पाठलाग सुरू झाला की बोटीवरचे लोक पहिलं काम करतात ते माल समुद्रात फेकण्याचं. पुरावा बुडतो, तो पुढे भरतीबरोबर कुठे लागतो ते वारा ठरवतो.

हा धंदा पाण्यासारखा वाहतो, उतार मिळेल तिकडे. जुनं उदाहरण देतो. एकोणिसाव्या शतकात माळव्यात, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात, अफू पिकत होती आणि चीनमध्ये बंदी असूनही तिकडे जात होती. कंपनी सरकारला तिच्यावर मुंबईत कर हवा होता. कर चढला की व्यापारी राजपुतान्यातून, सिंधमधून वळसा घालून कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला माल न्यायचे आणि तिथून जहाजावर चढवायचे. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांनी घेतलं, वाट बंद झाली, आणि कर लगेच वाढवला गेला. तेव्हा तस्करांना शिव्या घालणारं सरकार स्वतःच सगळ्यात मोठं दुकान चालवत होतं, हे वेगळं. आजही तेच बघा. तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये खसखशीच्या लागवडीवर बंदी आणली, संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत पुढच्या वर्षी तिथली लागवड ९५ टक्क्यांनी घसरली, आणि २०२३ मध्ये अफूच्या उत्पादनात म्यानमार पहिला झाला. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा मोकळा केला आणि थोड्याच काळात आपल्या विमानतळांवर बँकॉकहून येणाऱ्यांच्या बॅगांत हायड्रोपोनिक, म्हणजे मातीविना वाढवलेल्या, गांजाची निर्वात पाकिटं सापडायला लागली. त्यांनी जून २०२५ मध्ये परत लगाम घातला, पण तोवर इथे गिऱ्हाईक तयार झालं होतं.

या सगळ्यात पुण्याला एक गोष्ट फारशी रुचत नाही. आपण सीमेकडे बघताना 'तिकडून काय येतंय' एवढंच बघतो. एमडी तिकडून येत नाही. ते इथे बनतं आणि इथून जातं. त्याला शेत लागत नाही, पाऊस लागत नाही. रसायनाचा कारखाना, थोडंफार शिकलेला केमिस्ट आणि एमआयडीसीतली बंद पडलेली शेड पुरते. महाराष्ट्रात रसायन आणि औषध उद्योग मोठा, तो आपला अभिमान, आणि त्याच्याच सावलीत हे वाढतं. २०१६ मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीत ठाणे पोलिसांनी साडेअठरा टन इफेड्रिन पकडलं होतं. इफेड्रिन हे औषधच आहे, दम्या-सर्दीत चालतं, पण त्यापासून मेथॅम्फेटामिन होतं. म्हणूनच १९८८ च्या व्हिएन्ना करारात अशा कच्च्या रसायनांवर देशोदेशींनी नजर ठेवायचं ठरवलं. माझं मत विचाराल तर पुढच्या दहा वर्षांत स्कॅनरवर खर्च होणाऱ्या पैशातला बराच भाग रसायनांच्या नोंदवह्या आणि बंद शेडची वीजबिलं तपासण्यावर जायला हवा. बंद कारखान्याचा मीटर रात्री का फिरतोय, हे बघायला जर्मन यंत्र लागत नाही.

कायदाही मागून धावतो. ब्रिटनने मेफेड्रोनवर एप्रिल २०१० मध्ये बंदी घातली. आपल्याकडे ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या यादीत आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. मधली पाच वर्षं पोलिसांनी पोरांना पकडायचं आणि वकिलाने विचारायचं, 'कुठल्या कलमाखाली?' त्या पाच वर्षांत मुंबई-पुण्यात बाजार बसला.

आणि पकडल्यावर सगळं संपतं असंही नाही. माझीच एक फजिती सांगतो. २००४ सालची गोष्ट, मी इन्स्पेक्टर होतो. संध्याकाळी खबर आली, बंद गोदामात चरस आहे. एनडीपीएसचं कलम ४२ सांगतं की अशी खबर लिहून काढा आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठांना पाठवा. मी लिहून काढली, वरिष्ठांना फोन केला, त्यांनी 'जा' म्हटलं, आम्ही गेलो. अकरा किलो चरस. पंच आणले, पंचनामा लिहिला, नमुने काढले, लाखेची सीलं मारली, मेणबत्तीने बोट भाजलं, पहाटे चार वाजता घरी. नंतरचे तीन दिवस आरोपीचा भाऊ शोधण्यात गेले. प्रत पाठवायची राहिली ती चौथ्या दिवशी पाठवली. साहेबांना तोंडी सगळं माहीत होतं, मग कागदाचं काय एवढं, असं मनात. खटला उभा राहिला साडेतीन वर्षांनी. एक पंच फितूर झाला, ते अपेक्षितच होतं. बचाव पक्षाच्या वकिलांनी आवाजही न चढवता मला विचारलं, 'साहेब, आवक नोंदवहीतली ही तारीख वाचता का?' मी वाचली. पुढचं त्यांना बोलावंच लागलं नाही. आरोपी सुटला, आणि जाताना त्याने मला नमस्कार केला. तो नमस्कार अजून टोचतो.

त्या न्यायाधीशांवर मी रागावलो नाही. ज्या कायद्यात दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आहे, ज्याच्या कलम ३७ मुळे मोठ्या प्रमाणाच्या प्रकरणात जामीन जवळपास मिळत नाही, तिथे सरकारने आपली बाजू काटेकोर ठेवलीच पाहिजे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोफान सिंग प्रकरणात अधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही असं सांगितलं, तेव्हा खात्यातले माझे मित्र चिडले होते. मला ते बरं वाटलं. जबाबावर विसंबणारा अधिकारी तपास करत नाही.

आता हे तुमच्या दुकानापर्यंत आणतो. मेफेड्रोनमध्ये ५० ग्रॅमला व्यावसायिक प्रमाण, म्हणजे वर सांगितलेली कडक शिक्षा लागू होणारं मोठं प्रमाण, सुरू होतं. हेरॉइनला ते २५० ग्रॅम, चरसला एक किलो, गांजाला वीस किलो. २०२० च्याच हिरा सिंग निकालानंतर भेसळीसकट सगळं वजन धरतात, म्हणजे पाव किलो मसाल्यात चार चमचे मिसळलेलं असेल तरी मोजणी पाव किलोची. आणि कलम ३५: माल तुमच्या ताब्यात सापडला आणि खटला उभा राहिला, तर तुम्हाला त्याची जाणीव होती असं न्यायालय धरून चालतं. नव्हती हे तुम्ही सिद्ध करायचं. 'मला काय माहीत, त्याने दिलं, मी पाठवलं' हे खरं असलं तरी ते दाखवायला तुमच्याकडे कागद हवा. आणि तुमचा माणूस नेमकं तेच देत नाहीये: रोख पैसे, न उघडलेलं खोकं.

म्हणून असं करा. त्याला सरळ सांगा की दर आठवड्याला सहा खोकी म्हणजे भेटवस्तू होत नाही, हा व्यापार आहे. त्याचा आयईसी, जीएसटीची पावती, कंपनीचं बिल आणि लंडनला घेणाऱ्याचं नाव-पत्ता लागेल, पैसे खात्यातून येतील आणि खोकी तुमच्यासमोर भरली जातील. बहुतेक वेळा इतकं बोललं की माणूस 'उद्या येतो' म्हणून जातो तो परत येत नाही. आला आणि सगळं आणलं, तर उत्तम गिऱ्हाईक मिळालं. तो खोकी ठेवून निघून गेला तर मात्र उघडू नका, वास घेऊ नका, चव तर चुकूनही नको, आणि त्याला फोन करून जाब विचारू नका. दुकानातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि १९३३ ला फोन करा. ही अमली पदार्थांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मानस नावाची, जुलै २०२४ पासून चालू. नाहीतर थेट पुणे पोलिसांचं अमली पदार्थ विरोधी पथक. खबर कुणी दिली हे सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही, कायद्याच्या कलम ६८ मध्येच ते आहे. तुमच्या नावाची फार काळजी करू नका.

उलट बाजूची एक सूचना, कारण तुमचे गिऱ्हाईक बहुतेक ज्येष्ठ नागरिक आहेत. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, व्हिडिओ कॉलवर या, खोलीचं दार लावून घ्या' असे फोन पुण्यात शेकड्यांनी येतात. आम्ही कधी कुणाला व्हिडिओवर अटक केलेली नाही. तशी अटक कायद्यात नाही. खरी अटक करायला माणसं दारात येतात, चपला काढत नाहीत आणि पैसे मागत नाहीत. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काउंटरवर चिकटवा.

फराळाचं काम मात्र सोडू नका. प्रत्येक पाठवणाऱ्याचं आधार घ्या, खोकं तुमच्यासमोर भरू द्या, भरताना एक फोटो काढा, वजन पावतीवर लिहा. ब्रिटनला टपालाने दुधाचे पदार्थ चालत नाहीत, तेव्हा पेढे-बर्फी आधीच बाजूला काढायला सांगा. आणि आजी मेतकूट देतील तेव्हा फॉर्मवर 'पावडर' असं लिहू नका. 'भाजलेल्या डाळी-तांदळाचं मसाला घातलेलं पीठ' असं पुरं लिहा, इंग्रजीत. म्हणजे तिकडचा कुणी तरुण इन्स्पेक्टर ते तासभर किटमध्ये घालत बसणार नाही.